नानांच्या पोटाच्या गोळ्या

१

नाना वजनकाट्यावर चढले ते आपल्या पायांनी उतरले नाहीत.

मंगळवारची सकाळ होती. डायलिसिसच्या हॉलमध्ये यंत्रांची धुलाई आटोपून पहिल्या पाळीचे पेशंट एकेक करून आत येत होते. यंत्राला जोडण्याआधी प्रत्येकाचं वजन करायचं, म्हणजे अंगात पाणी किती साठलंय ते कळतं, हा तिथला रोजचा नेम. नाना म्हणजे काचेच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन. सगळं आयुष्य भट्टीच्या तोंडाशी गेलेलं आणि स्वभावही तिथेच भाजून निघालेला. काट्यावर उभं राहून ते सिस्टरवर डाफरले, "काटा खोटा आहे तुझा. बदलून घे."

"काटा बरोबर आहे, नाना. आज तर वजन चांगलंच आटोक्यात आहे."

"मग पाय का असे..." एवढं म्हणाले, आणि कापलेल्या झाडासारखे आडवे झाले.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. पोटॅशियम आभाळाला टेकलेलं. पोटॅशियम हा फळाभाज्यांतला क्षार. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. ज्याची मूत्रपिंडं संपली त्याच्या रक्तात तो साठत जातो, आणि फार साठला की थेट काळजाचा गळा धरतो. इंजेक्शनं झाली, यंत्र लागलं, आणि नाना यमाशीही भांडून परत आले.

शुद्धीवर आल्यावर पाणी मागण्याआधी त्यांनी बोट वर केलं.

"सुनेनं घातलं. आणि गोळ्या त्या पथ्यबाईच्या."

२

पथ्यबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ. पण केळं नको, नारळपाणी नको, टोमॅटो नको, लोणचं तर बघूही नका, असं दिवसभर सांगणाऱ्या बाईला पेशंट दुसरं काय म्हणणार? पन्नाशी उलटलेली, आवाज मऊ, पण शब्द मागे घेण्याची सवय नाही.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि बसा म्हणाले नाहीत.

"नानांना पोटाच्या गोळ्या तुम्हीच दिल्यात ना?"

"दिल्या. आतड्यातल्या चांगल्या जंतूंच्या कॅप्सुली. पाणी कमी प्यायचं, औषधं ढीगभर, मग पोट साफ होत नाही, आणि पोट तुंबलं की पोटॅशियम आणखी चढतं. तुम्हाला विचारूनच दिल्या."

"आता ते घरचे लोक हे सगळं आपल्या माथी मारतायत."

"डबीतल्या उरलेल्या कॅप्सुली तपासल्यात ना?"

"तपासल्या. जंतूच आहेत. निरुपद्रवी." डॉक्टरांनी रिपोर्ट त्यांच्याकडे सरकवला. "म्हणजे तुम्ही सुटलात. आता उरली ती सून. संध्याकाळी इन्स्पेक्टर नानांचा जबाब घ्यायला येतोय. मुलगा म्हणतो, बायकोला माहेरी धाडतो आणि पोराला इथेच ठेवतो. नाना म्हणतात, माहेरी नको, तुरुंगात धाडा."

पथ्यबाईंनी सुनेला वर्षभर पाहिलं होतं. दर महिन्याला येऊन ही बाई बटाटा कसा सोलायचा, किती बारीक चिरायचा, किती वेळ पाण्यात ठेवायचा आणि ते पाणी का फेकायचं, हे पुन्हा पुन्हा विचारून जायची. जिला विष घालायचं ती असा बटाटा धूत बसत नाही. पण हा काही पुरावा नव्हे. चांगुलपणाची साक्ष पोलिसात चालत नाही.

त्यांनी रिपोर्टवरून बोट फिरवलं आणि ते एका आकड्यावर थांबलं.

"डॉक्टर, फॉस्फरस नेहमीइतकाच आहे."

"मग?"

"नानांनी चोरून काही हादडलं असतं, चॉकलेट, सुका मेवा, दूध, तर पोटॅशियमबरोबर फॉस्फरसही ओरडला असता. रस किंवा नारळपाणी प्यायले असते तर वजन वाढलं असतं. सिस्टर म्हणते वजन आटोक्यात होतं. म्हणजे खाल्लं नाही, प्यायलंही नाही. एकटं पोटॅशियम आत गेलं. कोरडं."

डॉक्टर म्हणाले, "बाई, ते कोरडं कुणी दिलं हे संध्याकाळपर्यंत सांगता येत असेल तर बोला. नाहीतर इन्स्पेक्टर यायच्या आत मला ही खोली रिकामी हवी आहे."

बाहेर आल्यावर सिस्टर तणतणतच भेटली. "त्या नानांच्या घराण्याला एक यंत्र वेगळंच द्या, मी हात लावणार नाही. परवा सोमवारी ती थोरली मुलगी उगवली. 'रक्त घेतलं का? रिपोर्ट कधी?' मी म्हटलं, ताई, पाण्याचा प्लांट दुरुस्तीला काढलाय, आजची पाळी उद्यावर गेली, रविवारीच सगळ्यांच्या घरी फोन केलेत. तर माझ्यावरच खेकसली, 'उद्यावर? कुणाला विचारून?' जसं काही प्लांट माझ्या माहेरून आणलाय!"

पथ्यबाई चालता चालता थांबल्या.

थोरली नानांना आपलं एक मूत्रपिंड देणार होती. रिपोर्ट नानांचा. त्याची घाई तिला का?

३

नानांच्या घरी स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या. एक सगळ्यांची, एक नानांची. नानांच्या शेगडीजवळ पातेल्यात बटाट्याच्या फोडी पाण्यात बुडवून ठेवलेल्या होत्या.

"या," सून म्हणाली. डोळे सुजलेले, आवाज धारदार. "विष कुठल्या डब्यात ठेवते ते बघायला आलात ना? हे बघा, खालच्या फळीवर. साखरेच्या शेजारी."

"नाना दवाखान्यात आहेत. मग हे बटाटे कुणासाठी?"

सुनेनं पातेल्याकडे असं पाहिलं की जणू ते तिला आत्ताच दिसलं. "सवय," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पथ्यबाईंनी पाट ओढून घेतला. "मला शनिवारपासून सांग. नानांच्या तोंडात काय काय गेलं?"

"माझ्या हातून गेलं ते सांगते. भात, ह्याच भाज्या, धुतलेल्या, पिळलेल्या, चोथा झालेल्या. 'हिच्या हातचं म्हणजे ओला कागद,' असं नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तुमची गोळी रोज सकाळी एक. माझ्या समोर गिळतात, कारण पोटाचं त्यांना फार. सकाळी उठल्यापासून घरात तोच विषय. पोट झालं की घर हसतं, नाही झालं की माझा उद्धार."

"या आठवड्यात?"

"छान चाललं होतं. उलट शनिवारपासून खूश होते. 'आता माझं पोट घड्याळासारखं चालणार,' म्हणत होते. मला वाटलं, चला, देव पावला."

"शनिवारी कोण आलं होतं?"

"वन्सं. दर शनिवारी येतात. दार लावून बापलेक बोलत बसतात. मी चहा ठेवते आणि बाहेर येते. आत थांबले तर म्हणतील कान लावते, नाही थांबले तर म्हणतील तोरा आहे."

"पाळी पुढे गेल्याचा फोन कुणाला आला?"

"मला. सगळे फोन मलाच. मी ह्यांना सांगितलं, नानांना सांगितलं."

"आणि वन्संना?"

"मी कशाला सांगू? सख्खा भाऊ आहे की." ती जराशी हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "आणि त्यांना कळलंच की. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मला म्हणतात, 'नानांनी आज काय काय खाल्लं? कसे आहेत? चक्कर-बिक्कर नाही ना? त्यांना आज फळाचा तुकडासुद्धा देऊ नकोस हं, नीट सांभाळ.' मला! वर्षभर मी बटाट्याचं पाणी फेकते, आणि ह्या मला सांगणार, सांभाळ! मी म्हटलं, वन्सं, एवढी काळजी असेल तर येऊन बसा उशाशी. आणि फोन आपटला."

"टोमणा वाटला?"

"वाटला म्हणजे? या घरात दुसरं काही बोलतात का?"

पथ्यबाई उठल्या. पदर सारखा केला. त्यांच्या मनात एक गाठ बसत होती, आणि तिचं दुसरं टोक कुठे आहे ते अजून दिसत नव्हतं.

दारातून सून म्हणाली, "बाई, माझ्या मुलाला इथेच ठेवणार आहेत म्हणे. तो दुसरीकडे जेवत नाही. तेवढं डॉक्टरांना सांगाल का, कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं."

४

मुलगा खाली गाडीत खोकी भरत होता. तो आरोग्याची पावडर विकायचा. पोटाची, हाडांची, केसांची. खोक्यांवर हसऱ्या पोटांची चित्रं.

"आता काय उरलंय?" तो म्हणाला. "गोळ्या तुमच्या, हात तिचा. मी मधल्या मध्ये मेलोय."

"तुझी पोटाची पावडर कधी नानांना दिलीस?"

"एकदा. उन्हाळ्यात. तुम्हीच माझी चामडी सोलली होतीत, आठवत नाही? त्यात दुधाची पावडर आहे, फॉस्फरस वाढला म्हणून. आणि ती पेलाभर पाण्यात घ्यावी लागते. त्यानंतर हात नाही लावला."

ते खरं होतं. ती पावडर असती तर फॉस्फरसही वाढला असता आणि वजनही. त्याच्या डोक्यावरून संशयाचं ओझं नकळत उतरलं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून पथ्यबाईंना ते त्याला सांगावंसं वाटेना.

"पाळी पुढे गेली हे बहिणीला कळवलंस?"

"तिनं कळवलं असेल की," त्यानं वरच्या खिडकीकडे हनुवटी उडवली.

"ती म्हणते, तू कळवलं असशील."

"झालं. नेहमीचं." त्यानं खोकं आदळलं. "आमच्याकडे असंच चालतं. ही म्हणते तो सांगेल, तो म्हणतो ती सांगेल."

"आणि बायकोनं विष घातलं असं तुला खरंच वाटतं?"

तो खोक्याची पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिला. "नाना म्हणतात," तो म्हणाला.

"मी तुला विचारलं."

"बाई, तुम्हाला बाप नव्हता का? नाना म्हणाले की म्हणाले." मग आवाज खाली आणून, "आणि ऑपरेशन व्हायचंय. थोरलीची किडनी जुळली. आता कुणी मध्ये फाटे फोडायला नकोत. फाटे फोडायचेच असतील तर भावजींकडे जा. मूत्रपिंड द्यायला पहिल्यापासून तेच आडवे आलेत."

५

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. भिंतभर रिकाम्या चौकटी, शेकडो डोळ्यांविना बघणाऱ्या. तो गल्ल्यामागे डबा उघडून जेवायला बसला होता.

"हो, मीच विरोध केला," तो घास न थांबवता म्हणाला. "लपवायचं काय त्यात? माझ्या बायकोला दोन मुलं आहेत. म्हातारा मला लग्नापासून दारातला पायपुसणा समजतो, आणि आता माझ्याच घरातून अवयव न्यायचा? त्याच्या उंबऱ्यावर मी पाऊल ठेवत नाही, आणि माझ्या हातून तो पाणीसुद्धा घेणार नाही. विष काय घेईल?"

तेही खरं होतं.

"आणि बायको? तिची तयारी आहे ना?"

"तयारी?" त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी नको म्हटलं तर माझ्यावरच उलटली. 'माझा बाप आहे, मी बघेन.' पण दर तपासणीच्या आदल्या दिवशी तिला ताप भरतो. मी म्हणतो, डॉक्टरला सांग. ती म्हणते, काय सांगू? थोरलीनं नाही म्हटलं तर जग काय म्हणेल? सोमवारी तुमच्या दवाखान्यातून परत आली ती पांढरीफटक. दार लावून फोन करत बसली." त्यानं भाजीत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "आणि घरात हे असलं जेवण. मला बी.पी. झालंय म्हणून हे बी.पी.चं मीठ. कडवट मेलं. याला काय मीठ म्हणायचं?"

पथ्यबाईंनी डब्याकडे पाहिलं, आणि त्यांना ती पहिली बैठक आठवली. नाना यंत्रावर आले त्या आठवड्यातली. अख्खं कुटुंब समोर बसलेलं, थोरली सगळ्यांत पुढे. तेव्हा त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, बी.पी.च्या मिठात सोडियम कमी असतं, कारण त्याच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं. तुमच्या-माझ्यासाठी ठीक, पण नानांसाठी ते मीठ नव्हे, मरण आहे. ते घरातही आणू नका.

घाबरवण्यासाठी सांगितलेली गोष्ट कुणीतरी नीट लक्षात ठेवली होती.

"तुमच्या बायकोला घेऊन दवाखान्यात या," त्या म्हणाल्या. "इन्स्पेक्टरच्या आधी."

"का? काय झालं?"

पथ्यबाई दाराकडे वळल्या. दुकानातल्या सगळ्या चौकटी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

६

नानांच्या खोलीत माणसं मावत नव्हती आणि एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं. सून दाराशी उभी. मुलगा खिडकीशी. थोरली नानांच्या उशाशी, त्यांचा हात हातात घेऊन. जावई सासऱ्याच्या नजरेत येणार नाही असा कोपऱ्यात.

"ही कशाला आली?" नाना गुरगुरले. "मी पथ्य मोडलेलं नाही."

"ते मला माहीत आहे," पथ्यबाई म्हणाल्या. "म्हणूनच आले. तुम्ही जेवणात काही मोडलं नाहीत, आणि सुनेनंही नाही. तिच्या भाज्यांनी पोटॅशियम इतकं चढूच शकत नाही. नुसतं पोटॅशियमच आत गेलं. असा पदार्थ घरोघरी एकच असतो, बी.पी.चं मीठ. ते कडू. आणि नाना, तुमची जीभ कशी आहे ते या गावाला ठाऊक आहे. जेवणात चिमूटभर पडलं असतं तरी ताट भिंतीवर गेलं असतं."

"गेलं असतं," नाना म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता.

"म्हणजे ते जिभेला चुकवून गेलं. कॅप्सुलीत भरून. आणि तुम्ही बिनतक्रार गिळता अशी कॅप्सूल एकच, पोटाची."

"मी म्हणतोय काय मग? तुझीच गोळी, आणि हिचा हात!"

"तिला तुम्हाला मारायचं असतं तर तिच्याकडे रोज तीन वेळा संधी होती. ज्याला फक्त एक वाईट रिपोर्ट हवा होता, त्याचं हे काम आहे." त्यांचा आवाज तितकाच मऊ होता. "डॉक्टरांनी मागच्या बैठकीत सांगितलं होतं, सोमवारचं रक्त शेवटचं. पोटॅशियम पुन्हा चढलेलं दिसलं तर मी समजेन की नानांना पथ्य जमत नाही, आणि ऑपरेशन रद्द. सोमवारी सकाळी रक्त घ्यायचं, लगेच यंत्र लावायचं, यंत्रानं सगळं धुऊन काढायचं. रिपोर्ट बिघडेल, माणूस वाचेल. हिशेब बरोबर होता. पण प्लांट बिघडला, पाळी मंगळवारवर गेली. मीठ अंगात आणि यंत्र बंद. पाळी पुढे गेल्याचं घरातल्या सगळ्यांना रविवारीच माहीत होतं. घराबाहेरच्यांना कुणी कळवलंच नाही."

मुलानं मान वळवून जावयाकडे पाहिलं. जावई ताठ झाला.

"त्यांच्या हातचं नाना घेणार नाहीत," पथ्यबाई म्हणाल्या. "आणि मला खरं कळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. नाना मंगळवारी सकाळी पडले. तोपर्यंत हे सगळं घर निर्धास्त होतं. सून, मुलगा, खुद्द नाना. पण सोमवारी दुपारी एका माणसानं घरी फोन केला आणि विचारलं, चक्कर नाही ना? आज फळाचा तुकडासुद्धा देऊ नका. सुनेला तो टोमणा वाटला, कारण या घरात साधं बोलणं कुणाला ओळखूच येत नाही. तो टोमणा नव्हता. तो धावा होता. नाना पडायच्या आधी घाबरलेली अशी ती एकटीच."

थोरलीनं नानांचा हात सोडला नव्हता. पण तो आता नुसताच हातात होता.

"थोरलीनं शनिवारी दिलेल्या गोळ्या किती घेतल्यात, नाना?"

"त्या पोटाच्या होत्या!" नाना ओरडले. "तुझ्यापेक्षा जोराच्या! मला म्हणाली सकाळ-संध्याकाळ घ्या, सोमवारी यंत्र लागलं की बंद. यंत्र लागलंच नाही, म्हणून मी..." ते थांबले. मग त्यांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं.

"वहिनीला सांगू नका म्हणालीस," ते हळू म्हणाले.

"सोमवारी मी तुम्हालाही फोन केला," थोरली म्हणाली. "तुम्ही उचलला नाहीत. झोपला होतात."

"घरी यायचं होतंस!" सून दारातून किंचाळली. "खरं सांगायचं होतंस! मी रिक्षात घालून दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं!"

"काय सांगणार होते? कुणाला?" थोरली उठून उभी राहिली. "मला कुणी काही विचारलंच नाही कधी. 'देशील का' असं एकानं तरी विचारलं? 'थोरलीची जुळली' म्हणाले आणि पेढे वाटल्यासारखे फोन केले सगळीकडे. डॉक्टरनं एकटीला विचारलं तेव्हा दाराबाहेर भाऊ बसलेला. मला भीती वाटते, नाना. टेबलावर झोपायची भीती वाटते. माझी मुलं लहान आहेत."

"तर सांगायचं होतंस," नाना म्हणाले. "मी काय हिसकावून घेतली असती?"

"हो."

नाना नाही म्हणाले नाहीत.

दारावर टकटक झाली. इन्स्पेक्टर आत आला, टोपी काढून बगलेत धरली. "नाना कोण? हं. बोला, कुणी दिलं?"

नानांनी ओठांवरून जीभ फिरवली. "कुणी नाही," ते म्हणाले. "मीच खाल्लं. चोरून. म्हातारपणी जीभ चळते."

थोरलीनं डोळे मिटले. मुलानं सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला.

सून पुढे आली. नानांच्या पलंगाशी उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता.

"वाचवायचं म्हटल्यावर खोटं किती पटकन सुचलं, नाना. काल माझं नाव घेताना असं काही सुचलं नव्हतं."

नाना भिंतीकडे वळले.

इन्स्पेक्टरला काहीतरी जाणवलं असावं. त्यानं पथ्यबाईंकडे पाहिलं. "तुम्ही यांचं पथ्य बघता ना? हे म्हणतात ते खरं का?"

पथ्यबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. नाना चोरून खातात असं ठरलं की उद्या म्हणणारे म्हणणारच, घरात अन्न होतं का, आणि घालणारी कोण होती. ही बाई जन्मभर आपलं नाव धूत बसेल, त्या बटाट्यांसारखं. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"सांगतेस," त्या म्हणाल्या, "की मी सांगू?"

जावई एक पाऊल पुढे आला. थोरलीनं हातानंच त्याला थांबवलं.

"लिहा," ती इन्स्पेक्टरला म्हणाली. "गोळ्या मी दिल्या. मिठाच्या. मोठी मुलगी. वहिनीचा काही संबंध नाही. मारायचं नव्हतं हे लिहायचं तर लिहा, नाही तर राहू द्या." ती थांबली. "आणि त्याच्याखाली लिहा, मी मूत्रपिंड देणार नाही."

"बाई, ते आमच्याकडे लिहीत नाहीत."

"मग कुठे लिहितात?" थोरली म्हणाली. "इतके महिने मी तेच शोधत होते."

नानांची पाठ भिंतीसारखीच स्थिर होती. सून दाराकडे निघाली, मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली होती; नवरा तिच्या मागे दोन पावलं गेला आणि तिनं वळून पाहिलं नाही तेव्हा थांबला.

पथ्यबाईंनी खुर्ची ओढून थोरलीसमोर ठेवली.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी यांचं लिहून होऊ दे. मग मी नेते तुला डॉक्टरांकडे. आणि या वेळी दाराबाहेर कुणी बसणार नाही."